सीन नदीतली धाकटी

पॅरिसच्या बिर-हाकेम पुलावर मधोमध एक जिना आहे. वरून मेट्रोची सहा नंबरची गाडी खडखडत जाते, शेजारून मोटारी धावतात, आणि तो जिना उतरलं की आपण थेट सीन नदीच्या पात्रात, एका चिंचोळ्या बेटावर येतो. नाव हंसांचं बेट. लांबी सुमारे 850 मीटर, रुंदी जेमतेम 11 मीटर. निसर्गाने घडवलेलं नाही, 1827 साली माणसांनी नदीत भर घालून केलेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ वाट, दोन्ही कडांना झाडं, झाडांच्या पलीकडे पाणी.

माझी भाची या शहरात आर्किटेक्चर शिकते. तिच्याबरोबर मी त्या वाटेने निघाले. पळायला आलेली माणसं, कुत्र्यांना फिरवणारी म्हातारी जोडपी, बाकांवर डबा उघडून बसलेले ऑफिसातले लोक. वाटेत एका पुलावरून उपनगरी रेल्वे धडधडत जाते. डाव्या किनाऱ्यावर ग्रनेलचे उंच मनोरे, उजव्या किनाऱ्यावर रेडिओ भवनाची गोल इमारत. शेवटी ग्रनेल पुलाखालून पलीकडे गेलं की बेटाचं टोक येतं, आणि तिथे उंच चौथऱ्यावर ती उभी असते. बेटावरून चालत येणाऱ्याला तिची पाठ दिसते. वस्त्राच्या चुण्या, वर उचललेला उजवा हात, मशाल. चेहरा पाहायचा तर बाजूने जाऊन मान वळवावी लागते, नाहीतर बोटीतून यावं लागतं. पर्यटकांच्या बोटी इथवर येतात, तिच्यासमोर वळसा घेतात आणि आयफेल टॉवरकडे परत फिरतात. तेवढ्या वेळात फोटो निघतात आणि ध्वनिवर्धकावरून सांगितलं जातं की ही न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीची छोटी नक्कल आहे.

हे मला पटत नाही. तिला नक्कल म्हणणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. हा पुतळा मोठीवरून केलेला नाही. मोठी ज्या आकारातून वाढवली, त्या आकाराचा हा पुतळा आहे. वंशावळ लावायची तर ही धाकटी नव्हे.

फ्रेदेरिक ओग्युस्त बार्थोल्दी या शिल्पकाराने न्यूयॉर्कची मूर्ती एकदम मोठी घडवली नाही. तशी ती घडवताच आली नसती. टाचेपासून मशालीच्या टोकापर्यंत 46 मीटर उंचीच्या बाईचं नाक किती लांब हवं, हे जवळ उभं राहून कुणालाच कळणार नाही. म्हणून त्याने पायऱ्यापायऱ्यांनी आकार वाढवला. आधी सव्वा मीटरच्या आसपासचा नमुना. त्यावरून 2.85 मीटरचा, म्हणजे अंतिम मापाच्या सोळाव्या हिश्शाचा. त्यावरून साडेअकरा मीटरचा, म्हणजे चौथ्या हिश्शाचा. शिल्पकार म्हणून जे काही ठरवायचं होतं, म्हणजे कपाळाची रुंदी, ओठांचा कठोरपणा, पायाच्या पुढच्या झुकावामुळे वस्त्राला येणारा ताण, ते सगळं या टप्प्यांवर ठरून गेलं. पुढे उरलं ते माप.

ते मापही विलक्षण होतं. चौथ्या हिश्शाच्या प्लास्टरच्या नमुन्याचे आडवे भाग पाडले. प्रत्येक भागावर बिंदू आखले. ओळंबे सोडून, कंपास आणि पट्ट्या लावून प्रत्येक बिंदूचं अंतर मोजलं, चौपट केलं आणि पूर्ण आकाराच्या प्लास्टरच्या तुकड्यावर उतरवलं. एकेका भागासाठी हजारो मोजमापं घ्यावी लागली. छोट्यात एक मिलिमीटर चुकला की मोठ्यात चार. मग त्या प्रचंड प्लास्टरच्या अंगावर बरोबर बसतील असे लाकडी पट्ट्यांचे साचे सुतारांनी केले, आणि त्या साच्यांमध्ये तांब्याचा पत्रा दाबून, हातोड्यांनी ठोकून त्याला आकार दिला. पत्र्याची जाडी 2.4 मिलिमीटर. पुण्याच्या तांबट आळीतून चालताना ठोक्यांचा जो सलग नाद कानावर येतो, तो पॅरिसच्या सतराव्या विभागातल्या त्या कारखान्यातून वर्षानुवर्षं उठत असणार. पातेल्याऐवजी तिथे एक कान किंवा एक बोट घडत होतं, इतकाच फरक.

बेटाच्या टोकाशी उभी राहून भाचीने मला एक हिशेब करून दाखवला, तो मला फार आवडला. न्यूयॉर्कच्या मूर्तीच्या अंगावरचं तांबं सुमारे 28 टन. सीनमधली ही मूर्ती ब्राँझमध्ये ओतलेली, वजन 14 टन. म्हणजे उंची चौथा हिस्सा आणि वजन निम्मं. “मावशी, हीच मूर्ती अशीच ओतून चौपट उंच केली असती, तर जाडीही चौपट झाली असती. चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्टपट. नऊशे टनांच्या घरात गेली असती,” ती म्हणाली. एवढं ओझं जहाजात चढवणार कोण आणि उभं कसं करणार? म्हणून मोठी मूर्ती आतून पोकळ, पातळ पत्र्याची, आणि पत्र्याला धरून ठेवायला आत लोखंडी सांगाडा. तो सांगाडा आधी व्हियोले-ल-द्युक करणार होता. 1879 मध्ये तो वारला आणि काम ग्युस्ताव आयफेलकडे आलं. त्याने मधोमध चार पायांचा खांब उभा केला आणि त्यापासून लवचीक पट्ट्यांनी तांब्याचं कवच असं जोडलं की वाऱ्यात, उन्हात ते थोडं हलू शकेल, प्रसरण पावू शकेल. टॉवर नंतरचा. वाऱ्याशी झुंजायचा धडा आयफेलने या बाईच्या पोटातही गिरवला होता.

सीनमधल्या मूर्तीला असल्या सांगाड्याची गरज पडली नाही. ती चौथ्या हिश्शाच्या मापावरून तिएबो बंधूंच्या ओतशाळेत ब्राँझमध्ये ओतली. त्यामुळे शिल्पकाराच्या हाताच्या अधिक जवळ कोण, असं कुणी विचारलं तर मी निःशंकपणे हिचं नाव घेईन. मोठीचा आकार सुतारांच्या फळ्यांतून आणि तांबटांच्या ठोक्यांतून गेलेला आहे. त्या कारागिरांबद्दल मला नितांत आदर आहे, त्यांच्याविना ती उभीच राहिली नसती. पण बार्थोल्दीचे निर्णय ताजे असताना पाहायचे असतील तर ते इथे दिसतात.

छोट्या मूर्तींनी मोठीचा खर्चही उचलला आहे, हे फार कमी सांगितलं जातं. मूर्ती फ्रान्सच्या लोकांनी द्यायची आणि चौथरा अमेरिकेच्या लोकांनी बांधायचा, असा करार होता. फ्रान्समध्ये वर्गण्या झाल्या, लॉटरी काढली, नमुन्याच्या सह्या केलेल्या मातीच्या मूर्ती विकल्या. अमेरिकेत चौथऱ्याचे पैसे जमेनात, तेव्हा तिथल्या समितीने सहा इंची मूर्ती एका डॉलरला आणि बारा इंची पाच डॉलरला विकायला काढली. जोसेफ पुलित्झरने आपल्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रातून मोहीम चालवली आणि सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी पैसे पाठवले, त्यांतल्या बहुसंख्यांनी एका डॉलरपेक्षाही कमी. न्यूयॉर्कच्या बंदरातली मूर्ती उभी राहण्याआधीच तिच्या छोट्या मूर्ती घराघरांतल्या फडताळांवर जाऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या एका सकाळी मी र्यू द शाझेलला गेले. मोंसो बागेच्या जवळचा हा रस्ता आज शांत आणि श्रीमंत आहे. गाजे, गोतिए आणि कंपनीचा कारखाना इथे 25 नंबरला होता. त्याची धामधूम आता इथे राहिलेली नाही, पण घरांच्या उंचीवरून अंदाज येतो की 1884 मध्ये छपरांच्या वर डोकं काढून उभी असलेली ती बाई शेजाऱ्यांना कशी दिसली असेल. ती आधी संपूर्ण इथे, पॅरिसमध्ये जोडली गेली. 4 जुलै 1884 रोजी ती अमेरिकेचे प्रतिनिधी लेव्ही मॉर्टन यांच्या स्वाधीन झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऐंशी ओलांडलेला व्हिक्टर ह्युगो नातीला घेऊन तिला पाहायला आला. बार्थोल्दीने त्याला मूर्तीच्या तांब्याचा एक तुकडा भेट दिला. सहा महिन्यांनी ह्युगो गेला. मूर्ती सुटी करून, पेट्यांत भरून ‘इझेर’ जहाजातून जून 1885 मध्ये न्यूयॉर्कला पोचली आणि 28 ऑक्टोबर 1886 रोजी तिचं अनावरण झालं. पॅरिसचे लोक ती जाताना हळहळले असतील. त्यांनी तिला वाढताना पाहिलं होतं, तिच्या डोक्यात चढून गेले होते. 1878 च्या जागतिक प्रदर्शनात तिचं नुसतं डोकं मांडलं होतं आणि आत जायला जिना होता.

ती हळहळ भरून काढली पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकनांनी. फ्रेंच राज्यक्रांतीला शंभर वर्षं होत होती. त्यांनी ही चौथ्या हिश्शाची मूर्ती पॅरिसला दिली आणि 4 जुलै 1889 रोजी राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्या उपस्थितीत बेटाच्या टोकावर तिचं अनावरण झालं. त्या वर्षी शहरात जागतिक प्रदर्शन भरलं होतं, आयफेल टॉवर नवा कोरा होता. मूर्तीच्या डाव्या हातातल्या पाटीकडे मुद्दाम पाहायला हवं. न्यूयॉर्कच्या पाटीवर एकच तारीख आहे, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची. इथल्या पाटीवर 4 जुलै 1776 च्या जोडीला 14 जुलै 1789 आहे, बास्तीयचा तुरुंग पडला तो दिवस. एका तारखेने अख्खी मूर्ती वेगळी होते. तिकडे ती एका देशाच्या जन्माची आठवण आहे. इकडे ती दोन देशांनी एकमेकांकडून काय घेतलं याची नोंद आहे.

आता दिशेची गोष्ट. बार्थोल्दीची इच्छा होती की तिने पश्चिमेकडे, अमेरिकेकडे पाहावं. पण तसं केलं तर ती राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादाकडे पाठ करून उभी राहणार, आणि तिच्यासमोर नुसतं पाणी असल्यामुळे समारंभ बोटींवरून करावा लागणार. म्हणून तिचं तोंड पूर्वेकडे ठेवलं. बार्थोल्दीला हे आवडलं नाही. सरकारी सोयीसाठी स्वातंत्र्याची दिशा बदलण्याचा तो प्रकार मलाही खटकतो. 4 ऑक्टोबर 1904 रोजी बार्थोल्दी वारला, तोवर मूर्ती पूर्वेकडेच बघत होती. 1937 च्या प्रदर्शनाच्या वेळी ती अखेर पश्चिमेकडे वळवली. म्हणून मला ती पाठमोरी भेटली. 1937 च्या आधी बेटावरून कुणी चालत गेलं असतं तर त्याला तिचा चेहरा समोर दिसला असता आणि तिला त्या माणसामागचा टॉवर. पर्यटक म्हणून मला तो जुना देखावा हवासा वाटतो. तरी शिल्पकाराचं म्हणणं शेवटी मानलं गेलं, हेच बरं झालं.

दिशा हा बार्थोल्दीच्या आयुष्यातला दुखरा विषय होता. त्याचा जन्म 1834 चा, अल्सासमधल्या कोलमार गावचा. 1870 च्या युद्धात तो प्रशियाविरुद्ध उतरला. फ्रान्स हरलं, 1871 मध्ये अल्सास जर्मनीत गेलं आणि त्याचं गाव परक्या देशात पडलं. आई तिथेच राहिली. तो मेला तेव्हाही कोलमार जर्मनीतच होतं. बेलफोर शहराने त्या युद्धात 103 दिवस वेढा सोसला, त्याच्या स्मरणार्थ त्याने डोंगराच्या कड्याला लागून तांबड्या दगडाचा प्रचंड सिंह रचला, 22 मीटर लांब आणि 11 मीटर उंच. त्या सिंहाची एक तृतीयांश मापाची तांब्याची आवृत्ती पॅरिसमध्ये दाँफेर-रोशेरो चौकात आहे. मोटारींच्या वर्दळीत तो बसलेला असतो आणि भोवतालचे लोक त्याच्याखाली एकमेकांना भेटायची वेळ ठरवतात. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. स्वतःचं गाव गमावलेल्या माणसाने स्वातंत्र्याची मूर्ती घडवली, हे पुस्तकात वाचणं निराळं आणि त्या सिंहाच्या ताठ मानेकडे बघत समजून घेणं निराळं.

मूर्तीची कल्पना मात्र बार्थोल्दीची नव्हे. ती एदुआर द लाबुले या कायदेपंडिताची. अमेरिकेच्या राज्यघटनेचा तो अभ्यासक होता, आणि गुलामगिरीविरुद्ध काम करणाऱ्या फ्रेंच मंडळींचा अग्रणी. 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि त्या आनंदातून या भेटीचा विचार वाढला. बार्थोल्दीच्या सुरुवातीच्या एका नमुन्यात तिच्या डाव्या हातात पाटी नव्हे तर तुटलेली साखळी आहे. पुढे साखळी पायाशी गेली आणि हातात पाटी आली. न्यूयॉर्कच्या चौथऱ्याखाली उभं राहून ती साखळी दिसत नाही. मला हा बदल फार मोठा वाटतो. मूर्ती ज्या कारणासाठी जन्मली तेच कारण नजरेच्या टप्प्याबाहेर गेलं.

इथे पुण्याची आठवण येणं अपरिहार्य होतं. 1873 साली, बार्थोल्दी अमेरिकेत जागा हेरून परतला होता आणि पॅरिसमध्ये मूर्तीची आखणी चालू होती, त्याच सुमारास जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून मोकळं करण्याच्या कामी औदार्य दाखवलं. गंज पेठेतल्या माणसाला आणि पॅरिसच्या प्राध्यापकाला एकाच घटनेने हलवलं होतं. एकाने ग्रंथ अर्पण केला, दुसऱ्याने मूर्तीचा ध्यास घेतला. दोघांची भेट व्हायचं कारण नव्हतं. पण या दोन कृती मी एकाच काळाच्या, एकाच तळमळीच्या मानते. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेत तर पुढची अपेक्षाही आहे, की आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं. लाबुलेच्या मूर्तीने साखळी पायाखाली झाकली, फुल्यांनी ती उघड्यावर ठेवली.

आणि झाकलेल्या साखळीचा प्रश्न फार दूर जाऊन उभा राहिला, हनोईमध्ये. 1887 मध्ये तिथे फ्रेंचांनी प्रदर्शन भरवलं, त्यात 2.85 मीटरच्या मापाची एक स्वातंत्र्यदेवी आणली. पुढे ती शहरातच राहिली. काही काळ तर होआन किएम तळ्यातल्या कासव मनोऱ्याच्या माथ्यावर ती उभी होती. व्हिएतनामी लोकांच्या जुन्या दंतकथेशी जोडलेल्या तळ्यात, त्यांच्याच मनोऱ्यावर. नंतर तिला कुआ नाम चौकात हलवलं. स्थानिक लोक तिला घोळदार झग्याची मडम म्हणत, आणि ते बरोबरच होतं. ज्या सत्तेने देश ताब्यात घेतला, तिनेच त्या देशात स्वातंत्र्याची मूर्ती उभारली, तर लोकांना तिच्यात मडमच दिसणार. ऑगस्ट 1945 मध्ये हनोईचे महापौर त्रान वान लाय यांच्या कारकिर्दीत वसाहतकाळातले पुतळे उतरवले गेले, त्यांत हीही उतरली. पुढे तिचा धातू वितळवून न्गू शा मंदिरातल्या अमिताभ बुद्धाच्या मूर्तीत गेला. ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एक पुतळा गेल्याचं दुःख मला झालं नाही. उलट वाटलं, त्या धातूला उशिरा का होईना त्या मातीतला अर्थ मिळाला. आपल्याकडेही गोऱ्या राण्यांचे आणि राजांचे पुतळे चौकांतून हलले आहेत, पण त्यांच्या हातात निदान स्वातंत्र्याची मशाल नव्हती.

पॅरिसमधल्या मूर्तीवरही संकट येऊन गेलं. जर्मनांच्या ताब्यातल्या काळात, 1941 पासून, व्हिशी सरकारने पॅरिसच्या रस्त्यांवरचे कित्येक ब्राँझचे पुतळे वितळवण्यासाठी उतरवले. विचारवंत, कवी, शास्त्रज्ञ भट्टीत गेले आणि कितीतरी चौथरे रिकामे पडले. नदीतली ही चौदा टनांची मूर्ती वाचली. साठीच्या दशकात ग्रनेलचा पूल नव्याने बांधला गेला, 1968 मध्ये तो पुरा झाला आणि ती पुन्हा आपल्या टोकावर स्थिरावली.

तिचा सर्वांत लांबचा प्रवास त्यानंतरचा. जपानमध्ये फ्रान्सचं वर्ष साजरं होत होतं. एप्रिल 1998 मध्ये ती टोकियोच्या ओदाइबा किनाऱ्यावर उभी राहिली आणि जानेवारी 1999 पर्यंत तिथे होती. अटलांटिककडे तोंड करायला तिला जवळजवळ पन्नास वर्षं थांबावं लागलं होतं, आणि आता ती पॅसिफिकच्या एका उपसागरात. लोकांना ती इतकी आवडली की ती परत गेल्यावर टोकियोने तशीच एक करून घेतली आणि 2000 मध्ये कायमची उभी केली. तिच्यामागे इंद्रधनुष्य पूल आहे, जोडपी तिथे फोटो काढतात. टोकियोतली मूर्ती मात्र खऱ्या अर्थाने प्रतिकृती आहे, आणि तीही न्यूयॉर्कची नव्हे, सीनमधल्या मूर्तीची. मुळातल्या आकाराचा मान उशिरा का होईना असा मिळाला, याचा मला आनंद आहे.

पॅरिसमध्ये तिच्या इतर बहिणी शोधण्यात माझा बराच वेळ गेला. लक्झेंबर्ग बागेत एक आहे, झाडांच्या सावलीत, मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर. बार्थोल्दीने 1900 च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने केलेली ब्राँझची मूर्ती तिथे शतकभर उभी होती. 2011 मध्ये तिची मशाल चोरीला गेली, तेव्हा ती मूर्ती दुरुस्त करून ओर्से संग्रहालयात आणली आणि बागेत तिच्या जागी नवी ओतून ठेवली. ओर्सेमध्ये ती प्रवेशालगतच दिसते. बहुतेक लोक मोने आणि व्हॅन गॉगकडे जायच्या घाईत तिला ओलांडून जातात. आल्मा पुलाजवळ तर नुसती ज्योत आहे, न्यूयॉर्कच्या मशालीच्या पूर्ण मापाची, सोनेरी मुलाम्याची, 1989 मध्ये बसवलेली. 1997 मध्ये त्याच पुलाजवळच्या बोगद्यात ब्रिटनची राजकन्या डायना अपघातात गेली आणि लोक त्या ज्योतीपाशी फुलं ठेवू लागले. आजही कित्येकांना वाटतं की ती ज्योत तिच्याचसाठी उभारली आहे. तिथे उभी असताना माझ्या शेजारच्या बाईने हात जोडले. तिला मूळ हकिकत सांगावी असं मला एकदाही वाटलं नाही.

सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो ‘आर ए मेतिए’ संग्रहालयात. तंत्रज्ञानाचं हे संग्रहालय एका जुन्या मठात आहे. फूकोचा लोलक तिथेच झुलतो. तिथे सोळाव्या हिश्शाची प्लास्टरची मूळ मूर्ती आहे, 1878 ची, बार्थोल्दीच्या पत्नीने तो गेल्यावर 1907 मध्ये दिलेली. वाढवण्याच्या मालिकेतली ही कडी. चेहरा माणसाच्या उंचीपासून फार वर नाही. भुवयांमधली आठी, खालच्या ओठाचा घट्टपणा स्पष्ट दिसतो. हा चेहरा त्याच्या आईवरून बेतला, असं म्हणतात. ते खरं असो वा नसो, हा कुणा सुंदरीचा चेहरा नव्हे. कठीण निर्णय घेतलेल्या बाईचा चेहरा आहे, आणि तो मला मोठ्या मूर्तीत कधीच इतका जाणवला नव्हता. न्यूयॉर्कला मी खालून वर पाहत होते, आणि खालून वर पाहिलं की हनुवटी आणि नाकपुड्याच दिसतात.

याच प्लास्टरच्या मापाची एक ब्राँझची मूर्ती 2011 पासून या संग्रहालयाच्या दारात होती. 2021 मध्ये फ्रान्सने ती अमेरिकेला पाठवली. सुमारे साडेचारशे किलो वजनाची ही मूर्ती पेटीत बंद होऊन, जहाजाने अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेली आणि 4 जुलैच्या दिवसांत एलिस बेटावर मोठीच्या समोर उभी राहिली. तिथून ती वॉशिंग्टनला फ्रेंच राजदूतांच्या निवासस्थानी गेली, दहा वर्षांच्या बोलीवर.

पॅरिसला जाणाऱ्या ओळखीच्यांना मी आता एक क्रम सांगते. आधी ‘आर ए मेतिए’ मध्ये प्लास्टरचा चेहरा निवांत पाहा. मग बिर-हाकेमचा जिना उतरून बेटावरून चालत जा, पाठीकडून सुरुवात करा, बाजूने पुढे जा आणि पाटीवरच्या दोन्ही तारखा वाचा. बोट त्यानंतर घ्या, म्हणजे वळसा घेताना नेमकं काय पाहायचं ते माहीत असेल. दाँफेर-रोशेरोचा सिंह कधीही चालेल, पण टाळू नका. न्यूयॉर्क पुढच्या वर्षी, सवडीने.